उंबऱ्याखालची सुतळी

आमच्या अंगणात मेलेली घरं पडलेली असतात. कुंपणाला टेकून दारं, खिडक्यांच्या चौकटी, ताडपत्रीखाली ओकच्या तुळया, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत गाव्रिलाने ठोकून ठोकून सरळ केलेले खिळे. गाव्रिला म्हणजे माझा नवरा. गावात कुणाला आपलं लाकडी घर नकोसं झालं की त्याला बोलावणं येतं. तो घर फळीफळीने उतरवतो, मी खिळे उपसते, आणि मग क्लुज शहरातून ओक्ताव नावाचा जुन्या लाकडाचा व्यापारी पांढरे बूट घालून ट्रकसकट हजर होतो.

हा धंदा परवडतो की नाही, या एका प्रश्नावर आमचं लग्न टिकून आहे. जेवताना भांडायला दुसरा विषय शोधावा लागत नाही. बुलडोझर लावला तर न्याहारी ते दुपारचं जेवण एवढ्यात घर भुईसपाट होतं. आम्ही तेच काम हिवाळा तोंडावर येईपर्यंत कुथत बसतो. निम्म्या फळ्या किडलेल्या निघतात, गाव्रिलाची कंबर धरते, माझी नखं जातात.

"मग काय, असा ओक चुलीत घालायचा?" तो म्हणतो. "पणजोबांच्या काळचं लाकूड आहे, तितियाना."

"मग पणजोबांनाच बोलाव कंबर चोळायला."

खरं सांगायचं तर मला त्या फळ्यांची दया यायची नाही. दया यायची ती मागे राहिलेल्यांची. आमच्याकडची तरुण माणसं इटलीत राबतात आणि इथे जुनं घर पाडून तिमजली बंगला बांधतात, चकचकीत स्टीलच्या कठड्यांचा. त्यात कुणी राहत नाही. म्हातारी आई मागच्या खोपटात स्वयंपाक करते आणि बंगल्याची धूळ पुसते. आमची मुलगीही तिकडेच आहे, तोरिनोला, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. तिची पोरगी साविना आमच्याकडे असते. सात वर्षांची आहे, तोंडाने माझ्यावर गेलीय.

परास्कामावशीचं घर गेल्या शरद ऋतूत आमच्याकडे आलं. तिची लेक व्हियोरिका इटलीहून फोनवर बोलली आणि सगळं ठरलं. घर उतरवायचं, जागा साफ करायची, बंगल्याचा पाया पडला की आईला तोरिनोला न्यायचं, पाचव्या मजल्यावर. मावशीला कुणी विचारलं नाही. ती रोज सकाळी मागच्या खोपटातून एक खुर्ची ओढत आणायची, अंगणात मांडायची आणि आपलं घर कमी कमी होताना बघत बसायची. पाठीला चांगलाच बाक होता, पण जीभ सरळ होती.

"गाव्रिला, ती फळी सांभाळून. तिच्यावर माझ्या बापाने डोकं आपटून घेतलं होतं."

"कशापायी, मावशी?"

"प्यायला होता. फळीचा काही दोष नव्हता."

छप्पर गेलं, भिंती गेल्या. ओसरीच्या कोरीव फळ्या, ज्यांवर पीळ घातलेल्या दोराची नक्षी होती, त्या ओक्तावसाठी वेगळ्या काढल्या. क्लुजमध्ये एक नवं हॉटेल निघत होतं, त्यांना भिंतीला लावायला जुनंच लाकूड हवं होतं, किडीच्या भोकांसकट. राहिली ती फक्त पायावरची तुळई, उंबऱ्याखालची. ती सगळ्यात जाड आणि सगळ्यात मोलाची.

मावशीने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "ती उचलाल तेव्हा मला हाक मारा. माझं एक माणूस आहे तिथे."

आम्ही हो म्हटलं. म्हातारीला भास होतायत असं वाटलं मला. तिच्या वयात आपल्यालाही होतील, असं म्हणून मी खिळे उपसत राहिले.

आणि नेमकी ज्या दिवशी ती चर्चमध्ये मेलेल्यांसाठी उकडलेल्या गव्हाचा कोलिवा घेऊन गेली होती, त्याच दिवशी ओक्ताव ट्रक घेऊन अवचित आला. त्याला घाई. घाई नसलेला ओक्ताव मी अजून पाहिलेला नाही. गाव्रिलाने माझ्याकडे बघितलं, मी चर्चच्या रस्त्याकडे बघितलं, आणि त्याने पहार घातली.

तुळई करकरत वर आली. तिच्या पोटाशी, खालच्या अंगाला, हाताच्या ओंजळीएवढा एक कोनाडा कोरलेला होता. त्यात मेण चोळलेल्या सुतळीची गुंडाळी होती. इतक्या वर्षांची, पण काल वळल्यासारखी पिवळसर, दोन्ही टोकांना गाठ.

"मिस्त्र्यांचं काहीतरी माप असणार," गाव्रिला म्हणाला आणि ती उलगडू लागला.

तेवढ्यात साविना डबा घेऊन आली. सूर्य तिच्या पाठीशी होता. ती कोनाड्यात डोकावायला वाकली, मग उभी राहिली, आणि तिची सावली उघड्या पडलेल्या मातीवर लांब पसरली. गाव्रिलाला चेष्टा सुचली. त्याने सुतळीचं एक टोक तिच्या टाचेपाशी दाबलं आणि दुसरं तिच्या सावलीच्या डोक्यापर्यंत ताणलं. गाठ बरोबर केसांच्या शेंड्यावर आली.

"हे बघ! तुझ्याच मापाची निघाली. तुझ्यासाठीच ठेवली होती इतकी वर्षं."

साविना हसली. मीही हसले असेन. मला डबा गार होत असल्याचा राग आला होता, एवढंच आठवतं.

दुसऱ्या कुणी ती सुतळी टाकून दिली असती. पण माझा नवरा वाकडा खिळा टाकत नाही, तर चांगली सुतळी कुठून टाकणार? त्याने त्याच सुतळीने कोरीव फळ्यांचा गठ्ठा बांधला आणि गुडघा रोवून गाठ आवळली.

"आजोबा, ओढू नका ना," साविना मागून म्हणाली.

ती तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्यांपाशी होती. कमरेवर हात धरून उभी होती.

ट्रक गेला. थोड्या वेळाने मावशी रिकामं भांडं घेऊन परत आली. तुळई होती ती जागा तिने बघितली, खुर्चीवर बसली आणि रिकामं भांडं मांडीवर ठेवलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"सुतळी कुठाय?" शेवटी तिने विचारलं.

मग तिने सांगितलं. हे घर बांधताना ती आणि तिची धाकटी बहीण नास्तासिया बापासाठी जेवण घेऊन यायच्या. पाया घालणाऱ्या मिस्त्रीने एका दुपारी नास्तासियाची सावली सुतळीने मोजली आणि सुतळी तुळईखाली ठेवली. घर उभं राहायला कुणाची तरी सावली लागते, असं तेव्हाचे मिस्त्री मानत. जिची सावली मोजली ती चाळीस दिवसांत जाते आणि मग त्या घराला कायमची धरून उभी राहते. नास्तासिया पहिल्या बर्फाआधी गेली. तापाचं निमित्त झालं.

"आयुष्यभर तिच्या डोक्यावर चालले मी," मावशी म्हणाली. "आज तिला बाहेर काढून घेणार होते. तुम्ही नुसती उचललीत ना ती? आणखी कुणाच्या सावलीला लावली नाहीत ना?"

तेव्हा मला आठवलं. आमच्या लहानपणी कुठे पाया घालायचं काम चालू असलं की म्हाताऱ्या रस्त्यावरून ओरडायच्या, "सावली सांभाळा गं पोरींनो!" आणि आम्ही खिदळत पळायचो. आता सिमेंटचा मिक्सर घरघरत असतो, कोण कुणाला ओरडणार? मी साविनाकडे बघितलं. ती उन्हात उभी राहून कोंबड्यांना दाणे टाकत होती. मावशीनेही बघितलं.

घरी येताना गाव्रिला म्हणाला, "म्हातारीच्या गोष्टी." पण एरवीसारखा हसला नाही.

पहिले काही दिवस काही झालं नाही आणि मी स्वतःला शिव्या घातल्या. मग एका दुपारी साविना मक्याच्या पिठाच्या मामालिगाची थाळी दूर सारून म्हणाली, "आजी, पोट भरल्यासारखं वाटतं. किती माणसं जेवतायत इथे."

"कुठे?"

"इथेच. मांस भाजतायत. ग्लास वाजतायत. एक बाई सारखी हसते, तिला सांग ना गप्प बसायला."

घरात आम्ही तिघंच होतो. चुलीवर दूध होतं, मांसाचा तुकडाही नव्हता. पण मी तिच्या केसांना नाक लावलं तर त्यांना जळक्या चरबीचा आणि उंची अत्तराचा वास येत होता. गाव्रिलानेही हुंगलं. तो उठून बाहेर गेला आणि कितीतरी वेळ लाकडं फोडत राहिला.

मग ती पाठीला काहीतरी रुततंय म्हणू लागली. लोक टेकतात, म्हणायची. जड माणसं टेकतात. डॉक्टरने तपासलं, जीभ बघितली, व्हिटॅमिन लिहून दिलं. त्याचं काय चुकलं? त्याने तिला उन्हात उभं करून बघितलं नाही. मी बघितलं. भर दुपारी, स्वच्छ आकाशाखाली, कोंबडीची सावली काळी कुळकुळीत होती, बादलीची होती, माझी होती. साविनाची मात्र पाण्यात चार थेंब दूध पडावं तशी, आहे की नाही असं वाटणारी. मी तिला उचलून आत आणलं आणि पडदे ओढले, जणू काय ऊनच तिला खात होतं. मी घाबरले होते. इतकी घाबरले की गाव्रिलाशी भांडायचंही विसरले.

मावशी स्वतःहून आमच्या दाराशी आली. आत आली नाही.

"हॉटेल उभं राहिलंय का?" तिने विचारलं.

"गेल्या आठवड्यात उघडलं," गाव्रिला म्हणाला. "मी जातो, ती सुतळी काढून आणतो. हात जोडतो, पाया पडतो त्यांच्या."

"नुसती काढून चालत नाही, पोरा. त्या फळ्यांना सवय झालीय कुणीतरी धरून ठेवायची. रिकामी जागा ठेवलीस तर ती हिलाच ओढेल. एक काढायची तर दुसरी ठेवावी लागते." तिने डोक्यावरून पदरासारख्या पुढे घेतलेल्या रुमालातून सुतळीची नवी गुंडाळी काढली. मेण चोळून आणली होती. "माझी घ्या."

इथे मी 'नको मावशी' म्हणायला हवं होतं. चारचौघांत सांगताना मी म्हणते की मी म्हटलं. पण मी तसं म्हटलं नव्हतं. मी माझ्या पोरीच्या पोरीकडे बघितलं, तिच्या पाठीवर उमटलेल्या फळीच्या रुंदीच्या लाल पट्ट्यांकडे बघितलं, आणि सुतळी हातात घेतली.

गाव्रिला म्हणाला, "तितियाना, माझी मोज. चूक माझी आहे."

"तू गेलास तर फळ्या कोण उचकटणार?" मावशी त्याला म्हणाली. "आणि तुला काय कळतंय त्या घरातलं? कुठली फळी पावसात फुगते, कुठली थंडीत कुरकुरते, सगळं मला माहीत. लेक मला पाचव्या मजल्यावर नेणार आहे. तिथे मला ओळखणारं काय आहे? लिफ्ट?"

आम्ही तिच्या मोकळ्या जागेवर गेलो. उंबरा होता तिथेच तिला उभं राहायचं होतं. सकाळचं ऊन होतं. ती होता होईल तेवढी ताठ राहिली, तरी बाक काही जाईना, आणि तिची सावली एखाद्या लहान मुलीएवढीच भरली. मी टाचेशी टोक दाबलं. माझे हात थरथरत होते.

"नीट ताण," ती म्हणाली. "ढिली ठेवलीस तर तिथे जन्मभर लंगडत फिरेन मी."

मी ताणली. गाठ मारली. तेव्हा गाव्रिला दूर कुंपणापाशी पाठ करून उभा होता, त्यामुळे हे बोलणं आमच्या दोघींतच राहिलं.

क्लुजमधलं ते हॉटेल फार सुंदर होतं, त्याचाच मला संताप आला. परास्कामावशीची ओसरी भिंतीला चिकटवलेली होती, वर पिवळे दिवे, खाली गिऱ्हाइकं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जाडा माणूस कोरीव फळीला पाठ टेकून डुकराचे भाजलेले तुकडे खात होता, आणि शेजारची बाई सारखी हसत होती. मला त्याला मानगूट धरून उठवावंसं वाटलं.

सुतळी कुठाय ते ओक्तावने सांगितलं. सजावट करणाऱ्याला ती आवडली होती, म्हणून दोन फळ्यांमधल्या फटीत, फट बुजवायला भरतात त्या शेवाळाऐवजी, तीच ठासली होती. मालक भिंतीला हात लावू देईना. मग माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मालाची निंदा केली.

"साहेब, फळीत जिवंत कीड राहिलीय. आज नाही बघितली तर पुढच्या वर्षी टेबलं खाईल. फुकट बघून देतो."

फुकट म्हटल्यावर मालक विरघळला. जेवणाची वेळ टळल्यावर गाव्रिलाने फळी सैल केली आणि मी फटीतून जुनी सुतळी ओढून काढली. ती ऊबदार होती. मग मी नवी आत सरकवली. थोडी आत गेल्यावर मला ढकलावं लागलं नाही. पलीकडून कुणीतरी ती हळूहळू ओढून घेत होतं, सुईच्या नेढ्यातून आलेला दोरा ओढावा तसं. शेवटची गाठ बोटांतून सुटली तेव्हा मला रडू फुटलं. गाव्रिलाने खिळे ठोकले. त्यातला एक वाकडा झाला. तो त्याने तिथेच टाकून दिला.

घरी पोचलो तर साविना अंगणात एका पायावर उड्या मारत होती. पायाखाली तिची सावलीही उड्या मारत होती, शाईसारखी.

"आजी, ती जेवणारी माणसं गेली," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

मावशीला आम्ही तिच्या बहिणीची सुतळी दिली. तिने दोन्ही गाठी दातांनी सोडवल्या, सुतळी गालाला लावली आणि "चल गं आता, पुष्कळ झालं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती जितके दिवस होती तितके दिवस मी दोन्ही वेळचं जेवण तिच्या खोपटात नेलं. ती फारसं खायची नाही. खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून मला तिकडच्या बातम्या द्यायची.

"आज एकाने सूप परत पाठवलं. खारट होतं म्हणून."

"आणखी?"

"एक पोरगा पोरीला मागणी घालत होता. माझ्या बापाने डोकं आपटलं त्याच फळीखाली. मी म्हटलं, सांभाळ रे बाबा."

आम्ही दोघी हसायचो. मला वाटायचं, म्हणजे हे काही इतकं वाईट नाही. मला तसं वाटून घ्यायचं होतं. पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी ती खुर्चीतच गेली. व्हियोरिका विमानाने आली, खूप रडली. आईच्या मुठीत एवढीशी सुतळी का आहे ते तिने मला विचारलं. मी म्हटलं, राहू दे. ती तशीच मातीत गेली.

आता त्या जागेवर बंगल्याचे खांब उभे आहेत. गाव्रिला अजून घरं उतरवतो, पण पायावरची तुळई जागच्या जागी सोडतो आणि ओक्तावच्या शिव्या खातो. परवडतं का, असं त्याला कुणी विचारलं की तो माझ्याकडे बघतो.

ईस्टरनंतर साविनाच्या चष्म्यासाठी क्लुजला जावं लागलं, तेव्हा मी तिला त्या हॉटेलात घेऊन गेले. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. मी तिला मुद्दाम भिंतीकडे बसवलं. जीव मुठीत धरून विचारलं, "काही ऐकू येतं का गं?"

"नाही. काय ऐकू यायला हवं?" ती म्हणाली आणि पाव कुरतडू लागली.

माझा जीव भांड्यात पडला. वाढायला आलेली मुलगी बोलकी होती. मी म्हटलं, या फळ्या आमच्या गावच्या. तशी ती वाकून हळू आवाजात म्हणाली, "मग तुम्हाला सांगते, काकू. दुपारी गर्दी ओसरली ना, की या भिंतीमागे कुणीतरी चालतं. मागे तर पलीकडची इमारतच आहे, चालायला जागाही नाही. घाबरण्यासारखं काही नाही हो, बिचारं म्हातारं माणूस वाटतं. एक पाऊल टाकतं, दुसरं ओढतं. लंगडतं."

माझे हात थरथरत होते त्या सकाळी. सुतळी ढिली राहिली होती, आणि आता ती पुन्हा ताणून मोजायला मावशी उन्हात उभी राहणार नव्हती.

साविनाने सूप चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "आजी, किती खारट! परत पाठवू या?"

"नको," मी म्हटलं. मी उठून तिच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला बसले. फळीला पाठ लावली, पण भार टाकला नाही. आणि ते सूप सगळं संपवलं.